मधला हकार

लेखणीला घसा नसतो, ही एक मोठी सोय आहे. गेले वर्षभर मी या सदरातून दर आठवड्याला तुमच्याशी बोलत होते. पावसाळ्यातल्या लोकलवर बोलले, मुलांच्या दप्तरांवर बोलले. गेल्या दिवाळी अंकात तर चकली का बिघडते या गहन विषयावर चांगली चार पाने बोलले. ‘बाई, तुमचे वाचताना तुम्ही समोर बसून मोठ्याने सांगता आहात असे वाटते,’ असे एका वाचक भगिनीने त्यावर कळवले. ते पत्र मी दोनदा वाचले आणि गप्प बसले. गप्प बसले हे आपले उगाच म्हटले. कारण त्या दिवसांत मला दुसरे काही करताच येत नव्हते. मोठ्याने सांगणे सोडाच, ज्या स्वयंपाकघरात मिक्सर चालू आहे तिथे ‘मीठ घाल’ एवढे दोन शब्दही मला ऐकू घालता येत नव्हते.

आता आवाज परत आला आहे. तेव्हा त्याची हकीकत सांगायला हरकत नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात माझ्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा डावा अर्धा भाग काढावा लागला. त्यात गाठ होती. ती साधी निघाली आणि घरातल्या सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडायला गेले, तर माझा श्वास जरा जास्तच सुटला! भुलीतून जागी झाल्यावर ‘पाणी’ म्हणायला तोंड उघडले आणि आतून नुसती हवा आली. फुग्याची गाठ सुटावी तशी.

‘भुलीच्या वेळी घशात नळी घालतात ना, त्याची सूज असेल. उतरेल,’ असे सांगण्यात आले. आमच्या इमारतीतल्या मंडळींनी तर निदानही केले आणि औषधही आणले. ‘आवाज बसलाय हो, उठेल!’ पहिल्या मजल्यावरून जेष्ठमध आले, शेजारून खडीसाखर आली, समोरच्या काकूंनी हळद घातलेले दूध आणून ते संपेपर्यंत उभ्या राहिल्या. सासूबाईंनी वेखंड उगाळले. लहान मुलाला वाचा फुटावी म्हणून चाटवतात, तेच सुनेलाही चालेल असा त्यांचा विचार असावा. या सगळ्यांचे प्रेम घशाला लागले, पण आवाजाला लागले नाही. दुखणे घशाच्या कातडीत नव्हतेच.

जून उजाडला आणि कॉलेज उघडले. मी मराठीची प्राध्यापिका. तीनचार पुस्तके, एक खडू आणि आवाज, एवढ्या भांडवलावर माझी वीस वर्षे गेली आहेत. पहिल्या वर्षाच्या वर्गात हजेरी घ्यायला उभी राहिले. ‘एक... दोन... तीन...’ पहिल्या बाकावरची मुले पुढे वाकली, मधली एकमेकांकडे पाहू लागली, मागची आपापल्या गप्पांत रमली. अकराव्या क्रमांकापर्यंत येईतो मला धाप लागली. जिना चढून आल्यावर लागते तशी, केवळ अकरा आकडे उच्चारून! मी हजेरीपट पुढच्या मुलीच्या हाती दिला आणि खुर्चीत बसले. वीस वर्षांत मी वर्गात बसले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

घरी निराळीच तऱ्हा. माझ्या सासूबाईंना अलीकडे कमी ऐकू येते. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात गेली अनेक वर्षे आम्हां दोघींचा संसार बोलण्यावर चालत आला आहे. पुरुषमंडळी आठवरच्या गाडीने गेली की आमची दुपार सुरू होते. आता एकीला ऐकू येईना आणि दुसरीला बोलता येईना. एक दिवस मी त्यांच्या रक्तदाबाच्या औषधाची आठवण केली : ‘आई, गोळी घेतलीत का?’ त्या चकित होऊन म्हणाल्या, ‘कोळी? अगं, आज संकष्टी! आज कोळी कशाला बोलावलास?’

मी हसले. हसण्याचाही आवाज आला नाही. मग मात्र मला रडू आले. सासूबाईंनी काही न बोलता पाठीवरून हात फिरवला. त्यांना ऐकू कमी येते, समजायला कमी नाही.

‘गोळी’ची ‘कोळी’ का झाली, हे खरे तर मला ताबडतोब कळायला हवे होते. कारण हाच धडा मी दर वर्षी वर्गात शिकवते. वाचकहो, कंठावर दोन बोटे ठेवा आणि आधी लांबवून ‘स्स्स’ म्हणा, मग ‘झ्झ्झ’ म्हणा. दुसऱ्या वेळी बोटांना थरथर जाणवते की नाही? ती थरथर म्हणजे घोष. क, ट, त, प हे अघोष. ग, ड, द, ब हे सघोष. ‘क’ आणि ‘ग’ यांची तोंडातली जागा एकच. फरक एवढाच की ‘ग’च्या वेळी कंठातले दोन स्वरतंतू जवळ येऊन कंप पावतात. ती थरथर काढून घेतली की ‘गोळी’ची ‘कोळी’ होते, ‘दार’ची ‘तार’ होते आणि ‘बाबा’चे ‘पापा’ होतात. मुलांना मी हे हसतहसत सांगत असे. तोच धडा आता माझ्याच घरी, माझ्याच गळ्यात चालला होता आणि विद्यार्थिनी मात्र नापास होत होती.

सहा आठवडे झाले तरी सूज ‘उतरेना’. चहा पिता येई, पण साधे पाणी प्यायला घेतले की ठसका लागे. खोकायला जावे तर खोकल्यात जोर नसे. शेवटी मी एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी नाकपुडी बधिर करून तीतून एक बारीक, वाकणारी दुर्बीण आत सरकवली आणि मला पडद्याकडे पाहायला सांगितले. दुखले नाही, जरा गुदगुल्या झाल्या आणि डोळ्यांत पाणी आले, इतकेच. ‘म्हणा, ई...’

पडद्यावर दोन पांढुरक्या पट्ट्या दिसत होत्या, इंग्रजी ‘व्ही’सारख्या. लांबी म्हणाल तर दीड सेंटीमीटरच्या आसपास. बायकांच्या साध्या बोलण्यात या पट्ट्या सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा थरथरतात. मी ‘ई’ म्हणताच उजवी पट्टी लगबगीने मध्यावर आली. डावी होती तिथेच राहिली. जुन्या वाड्याच्या दिंडीची एक फळी लोटावी आणि दुसरी बिजागरीत अडकून अर्धी उघडी राहावी, तसे ते दृश्य होते. त्या फटीतून माझी सगळी हवा, सगळे शब्द, सगळी हजेरी वाहून जात होती.

‘तुमचा डावा स्वरतंतू पॅरलाइज झाला आहे,’ डॉक्टर म्हणाले. हा शब्द ऐकून माझे यजमान पांढरेफटक पडले. पॅरालिसिस म्हणजे अर्धांगवायू, एवढेच त्यांना ठाऊक. डॉक्टरांनी धीर दिला. मेंदूला काही झालेले नव्हते, स्वरतंतूही धडधाकट होता. त्याला हलवणारी नस तेवढी दुखावली होती.

या नसेची कथा मोठी मौजेची आहे. मेंदूतून निघणारा एक मोठा मज्जातंतू मानेतून खाली उतरतो. स्वरयंत्र वाटेतच, हाताशी आहे. पण आवाजाची ही शाखा तिथे थांबत नाही. डाव्या बाजूची शाखा सरळ छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला खालून वळसा घालते आणि पुन्हा वर चढून, थायरॉइडच्या पाठीला चिकटून, स्वरयंत्रात शिरते. उजवी हाताकडे जाणाऱ्या रोहिणीला वळसा घालून परतते. तिचा फेरा जरा लहान. जिराफात तर हा प्रवास चार मीटरांहून लांब होतो. आपल्याकडे सरळ नाक न धरता डोक्यामागून हात नेऊन धरण्याला द्राविडी प्राणायाम म्हणतात. निसर्गालाही तो येतो, हे मला पहिल्यांदाच कळले.

या नसेचे काम दुसऱ्या शतकातच गॅलन या वैद्याने दाखवून दिले होते. ओरडणाऱ्या डुकराच्या या नसा तोडल्या की डुक्कर धडपडत राहते, पण मुके होते, हे त्याने लोकांसमोर केलेले प्रात्यक्षिक प्रसिद्ध आहे. जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना पाहायला मात्र पुढे शतकानुशतके कोणी सापडले नाही आणि सापडला तो वैद्य नव्हता, गाणे शिकवणारा मास्तर होता! मान्वेल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने १८५४ साली पॅरिसमध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले आणि स्वतःचाच आवाज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. पुढच्या वर्षी त्याने ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. हा मास्तर १०१ वर्षे जगला. शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

इतक्या आडवळणाच्या नसेला इजा होण्याच्या वाटाही पुष्कळ. थायरॉइडची शस्त्रक्रिया ही त्यांतली नेहमीची. मानेच्या मणक्याची पुढून केलेली शस्त्रक्रिया, हृदयाची, फुप्फुसाची, अन्ननलिकेची शस्त्रक्रिया, यांतही ती दुखावू शकते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण शंभरातल्या पाचदहा जणांचा आवाज काही काळ असा जातो. कायमचा जातो तो एखाददुसऱ्याचा. दर वेळी नस तुटलेलीच असते असे नाही. ताणली जाते, दाबली जाते, रक्त थांबवण्याच्या उपकरणाची धग लागते. नस अखंड असूनही मुकी होऊ शकते. माझीही अखंड होती. तिने फक्त अबोला धरला होता.

घरी आल्यावर मी कपाटातून ध्वनिविचाराची जुनी टिपणे काढली. आपल्या प्राचीन प्रातिशाख्यांत, म्हणजे वेदांच्या उच्चारशास्त्राच्या ग्रंथांत, हा विषय किती नेमका मांडला आहे! तैत्तिरीय प्रातिशाख्याचे म्हणणे असे, की कंठ मिटला असता नाद होतो, उघडा असता श्वास होतो आणि या दोहोंच्या मधल्या अवस्थेत हकार होतो. हे मी कितीदा फळ्यावर लिहिले असेल! मिटलेला कंठ म्हणजे ‘ग’, उघडा म्हणजे ‘क’ आणि मधला ‘ह’. दुर्बीण नाही, आरसा नाही. केवळ कान आणि स्वतःचा गळा यांच्या आधारावर त्या मंडळींनी हे जाणले. माझी एक फळी मिटत होती, दुसरी उघडी होती. नाद नाही, निव्वळ श्वासही नाही. मी त्या मधल्या हकारात अडकले होते.

आता उपायांकडे वळते, कारण ज्यांच्या घरी असे काही घडले असेल त्यांना तेच हवे असणार.

पहिली गोष्ट डॉक्टरांनी सांगितली ती वाट पाहण्याची. दुखावलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढते. आपल्या सरकारी कामांनाही लाजवील अशी ही चाल. त्यात तिचा मार्ग द्राविडी. म्हणून सहा महिने ते वर्षभर ती आपोआप बरी होण्याची आशा असते आणि तोवर कायमचा उपाय सहसा करीत नाहीत. पण वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. मधल्या काळासाठी तात्पुरता उपाय आहे.

तो उपाय असा. न हलणाऱ्या स्वरतंतूत सुईने थोडा भराव टाकायचा, म्हणजे तो फुगून मध्याकडे सरकतो आणि हलणाऱ्या जोडीदाराला गाठण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ही युक्ती जुनी आहे. १९११ साली ब्रूनिंग्ज नावाच्या जर्मन डॉक्टरांनी पॅराफिन, म्हणजे एक प्रकारचे मेण, टोचून पाहिले. १९६०च्या दशकात टेफ्लॉन आले. होय, तेच, आपल्या डोशाच्या तव्यावरचे. काही वर्षांनी त्याभोवती गाठी धरू लागल्या, तेव्हा तेही मागे पडले. आता रोग्याच्याच शरीरातली चरबी वापरतात किंवा हायलुरॉनिक अ‍ॅसिडची जेल वापरतात. ही जेल काही महिन्यांत विरघळून जाते आणि तेच तिचे भूषण. नस जागी झाली तर मध्ये कसला अडथळा उरत नाही. हीच जेल श्रीमंत बायका चेहऱ्याच्या सुरकुत्या भरायला वापरतात, असे कळले. माझ्या सुरकुत्या होत्या तशाच राहिल्या, आवाज तेवढा भरून निघाला.

खरोखरच निघाला. जुलैत, खुर्चीत बसल्याबसल्या, मानेवरून सुई घालून पंधरावीस मिनिटांत काम झाले. ‘आता ‘आ’ म्हणा.’ आधी माझा ‘आ’ चार सेकंदांत संपत असे. निरोगी माणसाचा पंधरावीस सेकंद टिकतो. या वेळी तो अकरा सेकंद टिकला. ठसका त्याच आठवड्यात थांबला.

दुसरा उपाय वाचोपचाराचा. स्पीच थेरपिस्ट बाई वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढ्या. पण शिस्त माझ्याहून कडक. त्यांनी माझ्या दोन समजुती मोडल्या. एक, कुजबुजत बोलले म्हणजे घशाला विश्रांती मिळते ही. ताण देऊन कुजबुजणे हाही घशावर अत्याचारच असतो. दुसरी, जोर लावला की आवाज निघतो ही. जोर लावला की मानेचे स्नायू आवळतात, सवय बिघडते आणि आवाज आणखी चिरकतो. त्यांनी मला पोटातून श्वास घ्यायला, छोटी वाक्ये बोलायला, पाणी पिताना हनुवटी खाली घेऊन मान दुखऱ्या बाजूला वळवायला शिकवले. छोटी वाक्ये बोलणे मराठीच्या प्राध्यापिकेला किती जड गेले असेल, याची कल्पना माझे विद्यार्थीच करू शकतील.

दिवाळी आली. चकल्यांवरचा तो लेख छापून आला आणि त्याच सुमारास जेल विरू लागली. भाऊबीजेला भावाला ओवाळले तेव्हा ‘ये’ म्हणतानाच आवाजातली हवा मला ऐकू आली. डॉक्टरांनी हे आधीच सांगितले होते. पण परत आलेले माणूस पुन्हा जाताना पाहणे फार कठीण असते.

मग स्नायूंतली वीज मोजणारी एक तपासणी झाली. गळ्यात बारीक सुई घालून, स्नायूला मेंदूचा निरोप पोचतो की नाही ते पाहतात. निरोप फारच थोडा पोचत होता. मे महिना आला, वर्ष पुरे झाले. डावी फळी जागची हलली नव्हती. प्राचार्यांनी मला बोलावून अतिशय आपुलकीने सांगितले, ‘मॅडम, तुम्ही परीक्षा विभाग सांभाळा. वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ.’ त्यात वावगे काही नव्हते. पण घरी येताना गाडीत उभी असताना माझ्या मनात एकच आले, की आता मला हजेरी घ्यावी लागणार नाही. आणि त्या गोष्टीचा आनंद होण्याऐवजी पोटात खड्डा पडला.

डॉक्टरांनी कायमचा उपाय सुचवला आणि घरात दोन पक्ष पडले. यजमान म्हणाले, ‘पुन्हा मानेला सुरी? गाठ साधी निघाली, तू धड आहेस, आणखी काय हवे? आमचे काही अडत नाही तुझ्या आवाजावाचून.’ वाक्य प्रेमाचे होते. पण पुरते उच्चारल्यावर त्यांचे त्यांनाच चमत्कारिक वाटले. दहावीतला मुलगा पुस्तकातून डोके न काढता म्हणाला, ‘माझे अडते.’ निर्णय सासूबाईंनी दिला. त्यांना आमचे बोलणे कितपत ऐकू आले होते कोण जाणे. त्या एवढेच म्हणाल्या, ‘तिचं पोट त्याच्यावर आहे. आणि माझी दुपारसुद्धा.’

या शस्त्रक्रियेला थायरोप्लास्टी म्हणतात. जपानचे डॉ. नोबुहिको इश्शिकी यांनी १९७४ साली तिची पद्धत नीट बसवून दिली. कंठमण्याच्या कुर्चेत एक लहानशी खिडकी कापायची आणि तीतून सिलिकॉनचा घडवलेला तुकडा आत बसवायचा, म्हणजे तो न हलणाऱ्या स्वरतंतूला बाहेरून मध्याकडे रेटून धरतो. स्वरतंतूला हात लावायचा नाही, नसेला लावायचा नाही. अडकलेल्या फळीमागे सुताराने पाचर ठोकावी, तसला प्रकार. मराठीत पाचर मारणे म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोडा घालणे. दोघांना जवळ आणणारी पाचर मी माझ्या आयुष्यात ही एकच पाहिली.

तिची खरी खुबी पुढेच आहे. रोग्याला गुंगी देतात, जागा बधिर करतात. पण पुरते झोपवत नाहीत, कारण तुकडा किती आत सरकवायचा हे डोळ्यांनी ठरत नाही, कानांनी ठरते. वीणेची तार लावताना ऐकत ऐकत खुंटी पिळतात, तसे. जून महिन्यातल्या त्या सकाळी, डोळ्यांवर हिरवे कापड असताना मला डॉक्टरांचा आवाज आला : ‘हं मॅडम, बोला.’

‘काय बोलू?’

‘वर्गात गेल्यावर पहिल्यांदा काय बोलता?’

मी हजेरी घेतली. ‘एक, दोन, तीन...’ आवाज हवेचाच होता. गळ्यात काहीतरी दाबल्यासारखे झाले. ‘चार, पाच...’ आता तो आवळलेला, कुणी गळा धरल्यासारखा निघाला. ‘जास्त झाले,’ डॉक्टर कुणाला तरी म्हणाले. दाब किंचित कमी झाला. ‘सहा, सात, आठ...’ आणि ‘नऊ’ या शब्दावर माझा आवाज आला. माझा. तेरा महिने न ऐकलेला. मी थांबले नाही. दहा गेला, अकरा गेला. अकराला धाप लागली नाही. बारा, तेरा, चौदा... बाविसापर्यंत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘पुरे! वर्ग पूर्ण भरलाय. आता मात्र बोलू नका.’ कापडाखाली माझे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

दोन रात्री इस्पितळात, काही दिवस मौन आणि मग हळूहळू बोलणे. तुकडा सरकणे, सूज येऊन श्वासाला अडथळा होणे, असे धोके या शस्त्रक्रियेतही असतात आणि ते आधी विचारून घ्यावेत. मानेतली दुसरी एखादी नस या मुक्या नसेला जोडून देण्याचीही शस्त्रक्रिया आहे. तिला फळ यायला महिने लागतात आणि तरुणांत ती जास्त उपयोगी पडते. दोन्ही बाजूंचे स्वरतंतू निकामी झाले तर मात्र प्रश्न आवाजाचा राहत नाही, श्वासाचा होतो. त्यांत क्षणाचाही वेळ घालवून चालत नाही.

खोटे बोलणार नाही : पूर्वीचा आवाज जसाच्या तसा आलेला नाही. डावा स्वरतंतू आजही हलत नाही. उजवा त्याच्यापाशी जातो, इतकेच. वरच्या पट्टीत गाता येत नाही. तशी पूर्वीही कोणी आग्रह करत नव्हते. चौथ्या मजल्यावरून भाजीवाल्याला हाक मारता येत नाही. वर्गात गळ्याशी छोटा माइक लावते. पण ‘ग’चा ‘ग’ होतो आणि ‘द’चा ‘द’.

एक खंत मात्र मनात आहे. पहिले सहा आठवडे मी ‘सूज असेल’ या शब्दावर बसून काढले, आणि ते बरेचसे संकोचापायी. गाठ साधी निघाली, जीव वाचला. मग आवाजासारख्या किरकोळ गोष्टीची तक्रार काय करायची, असे वाटे. बायकांना असे फार वाटते. तर वाचकांनो, एवढे लक्षात ठेवा : मानेच्या किंवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर दोनतीन आठवड्यांत आवाज सुधारला नाही, किंवा पाणी पिताना ठसका लागू लागला, तर जेष्ठमध अवश्य घ्या, पण घेता घेता दुर्बिणीची तपासणीही करून घ्या. श्वासच कोंडू लागला, तर मात्र त्याच घटकेला इस्पितळ गाठा. आवाज गेला याचा अर्थ तो संपला असा नाही. बहुतेक वेळा दोन फळ्यांची भेट होत नसते, एवढेच. आणि भेट घालून देणारे लोक आता पुष्कळ ठिकाणी आहेत.

परवा नरकचतुर्दशीच्या फराळाची तयारी चालली होती. मी स्वयंपाकघरात चकल्यांचे पीठ मळत होते, मिक्सर चालू होता आणि सासूबाई बाहेरच्या खोलीत वाती वळत बसल्या होत्या. सहज आठवण झाली म्हणून आतूनच विचारले, ‘आई, गोळी घेतलीत का?’

‘घेतली गं!’ बाहेरून उत्तर आले. ‘आणि ओरडतेस कशाला एवढी? मी काय बहिरी आहे?’